बार उडाला नाही तर काय करावे? शेती संरक्षणाची बंदूक बाळगणाऱ्यांसाठी

सरद भात पोटरीला आले की पेडणे आणि डिचोली तालुक्यांत रात्रीची राखण सुरू होते. चांदेल-हसापूर, इब्रामपूर, तोरसे, उगवे असो की साळ, लाटंबार्से, मेणकुरे, अडवलपाल, रानडुकरांचा कळप शिरला की उभे पीक एका रात्रीत आडवे होते. भात झाले की केळी, नारळ, पुढे काजू. त्यामुळे या गावांतल्या कितीतरी घरांत शेती संरक्षणाचा परवाना आणि त्यावरची एक बंदूक असते. कुठे ठासणीची, कुठे बारा बोअरची.

ही बंदूक वर्षातले बरेच महिने भिंतीला किंवा कपाटात असते आणि हंगामात अचानक हातात येते. चुका होतात त्या अशा वेळी. दारू दोनदा पडते, केप दमट निघते, काडतूस भलतेच भरले जाते. यातल्या बहुतेक चुका सावरता येतात. घात होतो तो त्या निस्तरण्याच्या घाईत: बार का उडाला नाही म्हणून नळीत डोकावणे, अडकलेले काडतूस पक्कडीने ओढणे, ओलसर दारू चुलीजवळ वाळवणे. म्हणून या लेखातला पहिला सल्ला एकच. गडबड झाली असे वाटले की बंदुकीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवा आणि हात थांबवा. पुढचे काम त्यानंतर.

घरी काय चालते, काय चालत नाही

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. पिकांच्या राखणीला ती पुरेशी ठरणार नसेल, तर साध्या नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो, अशीही तरतूद तिथेच आहे. परवान्याच्या मर्यादेत आणलेली दारू आणि केप वापरून स्वतःची ठासणीची बंदूक भरणे हा त्या बंदुकीचा नेहमीचा वापर झाला.

बारा बोअरच्या रिकाम्या काडतुसात पुन्हा टोपी, दारू आणि छर्रे भरणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. कायद्याच्या दृष्टीने ती दारूगोळ्याची निर्मिती आहे आणि कलम 5 प्रमाणे तिला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक दुरुस्त करण्यालाही तेच कलम लागू आहे. गावातला लोहार कितीही कसबी असला, तरी परवान्याशिवाय त्याने घोडा बसवून देणे किंवा निपल बदलणे हा त्याचाही गुन्हा ठरतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मिती आणि दुरुस्तीसाठी किमान 7 वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रे यांचाही ‘दारूगोळा’ या व्याख्येत समावेश होतो, हे अनेकांना माहीत नसते.

कायदा बाजूला ठेवला तरी घरी काडतूस भरण्यात शहाणपण नाही. दारूचा प्रकार, वजन, डाट आणि टोपी यांचा मेळ जरा चुकला की नळीतला दाब किती वाढेल हे नजरेने कळत नाही. पुण्याजवळच्या खडकी कारखान्यात बनणारी ‘शक्तिमान’ काडतुसे परवानाधारक दुकानात मिळतात. तीच घ्यावीत, पावती ठेवावी आणि परवान्यावर नोंद करून घ्यावी.

फटाक्यांतली किंवा सुरुंगाची दारू ठासणीच्या बंदुकीत घालायचा मोह काहींना होतो. काडतूस फोडून काढलेली धूरविरहित दारू त्याहून वाईट. ठासणीची नळी काळ्या दारूच्या दाबासाठी बनवलेली असते. धूरविरहित दारू तीत घातली तर नळी फुटू शकते, आणि फुटलेल्या नळीचे तुकडे भरणाऱ्याच्या हातात आणि चेहऱ्यात जातात.

हंगामाआधीची तपासणी

चवथीच्या आधी एक दिवस उजेडात बसून बंदूक तपासावी. बारा बोअर असेल तर मोडून आधी काडतुसाच्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत ना ते पाहावे, मग मागच्या बाजूने नळीतून उजेड बघावा. ठासणीची बंदूक तशी बघता येत नाही. तिची परीक्षा गजाने करावी, आणि ही एक खूण प्रत्येक ठासणीच्या बंदुकीसाठी करून ठेवण्यासारखी आहे. नळी पूर्ण रिकामी असल्याची खात्री असताना गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडापाशी गजावर बारीक रेघ मारा. पुढे कधीही गज सोडला आणि रेघ नळीच्या बाहेर चार-पाच बोटे उभी राहिली, तर आत काहीतरी आहे. मग आठवणीवर विश्वास ठेवायची गरज राहत नाही.

नळीत काय सापडेल सांगता येत नाही. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी चिखलाचे घर करते. बोटभर मातीचा तो गोळा वाळला की चांगलाच घट्ट होतो. शेताची मेर चढताना नळीचे टोक चिखलात खुपसले जाणे हा त्याचाच दुसरा प्रकार. अशा अडथळ्यावर बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. पाय घसरून बंदूक जमिनीला लागली, की आधी ती रिकामी करा, नळी पाहा, मगच पुढे चला. ठासणीची बंदूक भरलेली असताना टोकात माती गेली, तर केप काढून बंदूक बाजूला ठेवा आणि खाली सांगितलेल्या रीतीने वागा.

काळी दारू उडाल्यावर नळीत राहणारी काजळी हवेतला ओलावा ओढून घेते. गोव्याच्या दमट हवेत तिने एका रात्रीतही गंज धरतो. बार काढला त्याच दिवशी, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी गरम साबणपाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि हलके तेल फिरवावे. पुढच्या वेळी बार काढण्याआधी ते तेल पुसून घ्यावे. निपलच्या छिद्रात साठलेले तेल हे बार न उडण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

चाप ओढला, बार उडाला नाही

केप वाजली आणि बंदूक गप्प राहिली, किंवा काडतुसावर पिन आपटल्याचा नुसता टक् आवाज आला, तरी आतली ठिणगी विझली असे समजू नका. दारू दमट असेल तर ती काही सेकंद धुमसून मग पेट घेऊ शकते. म्हणून बंदूक खांद्यावरून न उतरवता किंवा हलवता तोंड त्याच सुरक्षित दिशेला, शक्यतो मातीच्या बांधाकडे, धरून ठेवा. बारा बोअरसाठी किमान 1 मिनिट आणि ठासणीच्या बंदुकीसाठी किमान 2 मिनिटे थांबा. सोबतच्या माणसाला मागे, तुमच्या पाठीशी उभे राहायला सांगा. बॅटरी घेऊन पुढे येऊ देऊ नका.

बारा बोअर असेल तर तोंड बाजूला वळवून, चेहरा मागच्या बाजूच्या सरळ रेषेत न आणता बंदूक मोडा आणि काडतूस काढा. टोपीवरचा खळगा पाहा. खळगा खोल असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. नुसता ओरखडा असेल तर पिन किंवा स्प्रिंग कमजोर झाली आहे आणि बंदूक दुकानात न्यायची वेळ आली आहे. ते काडतूस दुसऱ्या नळीत घालून बघू नका. खिशात चांगल्या काडतुसांबरोबर टाकू नका. वेगळ्या डबीत, खूण करून ठेवा आणि दुकानात किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. काडतूस अडकून बसले तर ते चाकूने, पेचकसाने किंवा मागून ठोकून काढायचे नाही. बंदूक मोडलेल्या अवस्थेत ठेवून दुकानदाराला फोन करा.

ठासणीची बंदूक असेल तर थांबण्याची वेळ पूर्ण झाल्यावर जुनी केप काढा, निपलच्या वर डोळा न आणता नवी कोरडी केप बसवा आणि त्याच सुरक्षित दिशेला पुन्हा एकदा बार काढा. पुन्हा तेच झाले तर तिसरा प्रयत्न नको. पुन्हा तितकाच वेळ थांबून केप काढा, घोडा अलगद उतरवा, तोंड निर्जन दिशेला ठेवून बंदूक अर्धा तास कोणी फिरकणार नाही अशा जागी आडवी ठेवा. नंतर निपलच्या छिद्रातून थेंबथेंब पाणी सोडून आतली दारू भिजवता येते. काळी दारू पाण्याने निकामी होते. पण ती पूर्ण भिजली की नाही हे बाहेरून दिसत नाही, म्हणून भिजवल्यावरही बंदूक भरलेलीच समजायची. आतला ठासलेला बार काढण्याचे काम परवानाधारक कारागिराचे. तिथे नेण्याआधी पोलीस ठाण्याला कळवा आणि ती कशी न्यायची ते विचारून घ्या. भरलेली बंदूक कदंब बसमध्ये किंवा स्कूटरच्या पुढ्यात घेऊन जायचा विचार मनात आणू नका.

लोखंडी सळई, ड्रिल आणि आग या तीन गोष्टी भरलेल्या नळीपासून दूर ठेवायच्या. लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडते आणि ठासलेल्या दारूला तेवढे पुरते.

आवाज फुसका आला तर

नेहमीसारखा दणका न येता ‘फुस्स’ आवाज झाला, खांद्याला धक्का कमी बसला, तर समोर डुक्कर असले तरी दुसरा बार काढू नका. दारू अर्धवट जळाली असेल तर डाट किंवा छर्रे नळीतच अडकून राहतात, आणि त्यामागून आलेला चांगला बार नळी फाडतो. वर दिलेला वेळ थांबा. बारा बोअर असेल तर ती रिकामी करून मागच्या बाजूने उजेड बघा, ठासणीची असेल तर केप काढून गजाची रेघ पाहा. उजेड गोल आणि स्वच्छ दिसला नाही किंवा रेघ वर राहिली तर त्या रात्रीची राखण डबा-पत्रा वाजवून करा.

ठासताना होणाऱ्या चुका

रानात कुत्री भुंकायला लागली, सोबत्याने हाक मारली, आणि दारू घातली होती की नाही हे विसरले. अशा वेळी दारू दोनदा पडते किंवा गोळी आधी जाते. उपाय सोपा आहे. भरताना बोलायचे नाही, आणि मध्येच थांबावे लागले तर पुन्हा सुरू करण्याआधी गजाची रेघ पाहायची. भरलेल्या बंदुकीत गज किती वर राहतो याचीही दुसरी खूण करून ठेवली, तर दुप्पट दारू पडल्याचे लगेच कळते. गोळी किंवा छर्रे दारूवर नीट टेकले नाहीत, मध्ये पोकळी राहिली, तर तेही याच खुणेवरून समजते. अशी पोकळी ठेवून बार काढणे नळीला धोक्याचे आहे.

दुप्पट दारू पडल्याचे लक्षात आले तर ‘एकदाच जोरात उडेल’ म्हणून बार काढू नका. केप लावू नका आणि वर सांगितल्याप्रमाणे दारू भिजवून कारागिराकडे द्या.

नुकताच बार काढलेल्या नळीत जळका कण राहिलेला असू शकतो. दुसरा बार भरण्याआधी मिनिटभर थांबा आणि ओलसर चिंधी फिरवा. दारू डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतू नका. वेगळ्या मापात घेऊन मगच ओता, म्हणजे नळीत ठिणगी असलीच तर सगळा साठा हातात पेटणार नाही. गज रेटताना तो पूर्ण मुठीत न धरता दोन बोटांच्या चिमटीत धरा आणि शरीर नळीच्या तोंडासमोरून बाजूला ठेवा. दारू भरताना विडी-सिगारेट नको. आणि हुर्राकाच्या दिवसांत एक घोटही घेतला असेल, तर त्या रात्री बंदूक कपाटातच राहू द्या.

चुकीचे काडतूस

बारा बोअरची काडतुसे प्रामुख्याने 65 आणि 70 मिलिमीटर अशा दोन लांबीत येतात. ही लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे न उडालेले 70 मिलिमीटरचे काडतूस जुन्या, 65 मिलिमीटरच्या खोलीत बिनबोभाट बसते, पण उडताना उलगडायला जागा न मिळाल्याने दाब वाढतो. नळीच्या मागच्या भागावर कोरलेला आकडा आणि डब्यावरचा आकडा जुळवून पाहा. आकडा नसेल तर दुकानदाराला मोजून द्यायला सांगा.

दुसरा घातक घोळ वेगवेगळ्या बोअरचा. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या खोलीतून घसरून नळीत पुढे अडकते. मागची खोली रिकामी दिसते, आपण त्यात बारा बोअरचे घालतो, आणि चाप ओढल्यावर दोन्ही एकदम उडून नळी हातात फुटते. एका घरात दोन बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा आणि रात्री अंधारात चाचपून भरू नका.

जुनी, दमट, सापडलेली काडतुसे

आजोबांच्या पेटीत, मांगराच्या माळ्यावर कागदी नळीची जुनी काडतुसे सापडतात. फुगलेला कागद, पितळेवर हिरवी बुरशी, टोपीवर पांढरी पूड ही खराब झाल्याची लक्षणे. ती उन्हात वाळवून वापरणे, फोडून छर्रे काढणे, पालापाचोळ्याबरोबर जाळणे, विहिरीत किंवा तेरेखोलच्या पात्रात फेकणे यातले काहीही करू नका. पुरूही नका, उद्या जेसीबीच्या दातात येतील. परवान्यावरची असतील तर ठाण्यात जमा करून पावती घ्या. कोणाची हेच ठाऊक नसेल तर हात न लावता, मुलांना बाजूला करून 112 वर कळवा आणि पोलीस ठरवतील तसे करा.

परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. कलम 21 प्रमाणे तिचा ताबा कायदेशीर राहिला नाही की ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. वारसांनाही तोच नियम आहे. परवान्याची मुदत संपली तरी हेच. 2019 पासून परवाना 5 वर्षांचा झाला आहे, त्यामुळे तारीख विसरणे अधिक सोपे झाले आहे. निवडणुकीच्या वेळी जमा करायचा आदेश आला तर बंदूक रिकामी आणि स्वच्छ करूनच न्या, तिचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि परत घेताना नळी पुन्हा तपासा.

जखम झाली तर

बंदूक तिथेच ठेवून 108 ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. सारखे उचलून पाहू नका. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी आवळून बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. आत गेलेले छर्रे उकरू नका. डोळ्यात काही गेले असेल तर चोळू नका, धुवून काढायचा प्रयत्न करू नका. डोळ्यावर दाब येणार नाही असा कप किंवा वाटी झाकून न्या. भाजले असेल तर 20 मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट नको. तुये किंवा डिचोलीच्या सरकारी केंद्रात आधी न्यायचे की थेट म्हापशाला किंवा बांबोळीला, हे रुग्णवाहिकेच्या माणसांना ठरवू द्या.

आणि लपवाछपवी करू नका. ‘झाडावरून पडला’ असे डॉक्टरांना सांगितले तर उपचार चुकतात, आणि अपघाताची केस संशयाची होते.

बंदुकीचा उपयोग कुठवर

शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे रानडुकरालाही अधिकृत परवानगीशिवाय मारता येत नाही. गवा आणि मोर तर पहिल्या अनुसूचीत आहेत. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरलेल्या ओंकार नावाच्या हत्तीने भात आणि केळी तुडवली, तेव्हा अनेकांना आपली बंदूक आठवली असेल. हत्तीसमोर तिचा उपयोग शून्य आणि धोका मोठा. ते काम वनखात्याचे. अभयारण्याच्या 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने नाव नोंदवायचे असते. सत्तरीतले म्हादई अभयारण्य जवळ असलेल्या डिचोलीच्या गावांनी हे वनखात्याकडे तपासून घ्यावे.

हाकलण्यासाठी बार काढतानाही पुढे काय आहे ते माहीत हवे. बारीक छर्रा दोनशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो, एसजीसारखा मोठा छर्रा पाचशे मीटरच्याही पुढे. हललेल्या झुडपावर, डोळ्यांच्या चमकेवर किंवा खसखस आवाजावर चाप ओढायचा नाही. त्या झुडपामागे शेजारच्या मळ्याचा राखणदार असू शकतो. राखणीला बसताना शेजाऱ्याला आपली जागा सांगा आणि त्याची विचारून घ्या.

शेवटी एक छोटे काम. एका जाड कागदावर परवान्याचा क्रमांक, युआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) आणि मुदतीची तारीख, बंदुकीचा क्रमांक आणि बोअर, काडतुसाची योग्य लांबी, दुकानदाराचा आणि पोलीस ठाण्याचा फोन, 112 आणि 108 एवढे लिहा. खाली ‘बार न उडाल्यास: काडतूस 1 मिनिट, ठासणी 2 मिनिटे थांबणे’ अशी ओळ घाला. हा कागद बंदुकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि तुमच्याऐवजी राखणीला जाण्याची परवान्यावर ज्याला परवानगी आहे, त्यालाही तो वाचायला लावा.